परातीत कालवलेलं मलम

शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात रत्नागिरीच्या रस्त्याला लागून रामलिंगअप्पांचं भुसाराचं दुकान आहे. त्या दुकानाच्या मागच्या भिंतीत मधमाश्यांची वस्ती होती. अप्पांची मुलगी रुद्राणी माझी कॉलेजातली मैत्रीण, तिच्यामुळे ती भिंत मला कळली. माशी मुंगीपेक्षा थोडी मोठी, काळी, तिला नांगी नाही. भिंतीतून करंगळीएवढी एक चिकट नळी बाहेर आलेली आणि तिच्या तोंडाशी चार-पाच माश्या पहाऱ्याला बसलेल्या.

ती नळी डिंकाची. झाडाच्या सालीला जखम झाली की जो चीक सुटतो, तो या माश्या मागच्या पायांवर लादून आणतात, आपलं मेण त्यात मिसळतात आणि त्यानं घर लिंपतात. फट दिसली की बुजवतात. आत एखादा किडा मेला आणि बाहेर ओढून नेण्याइतका लहान नसला, तर त्याच्यावरही लेप देतात. मग तो कुजत नाही, जागच्या जागी सुकून जातो. एवढ्याशा अंधाऱ्या, उबदार जागेत हजारो जीव आणि त्यांची पिल्लं राहतात, तरी तिथं बुरशी धरत नाही. इंग्रजी पुस्तकांत त्या डिंकाला प्रोपोलिस म्हणतात. हे सगळं मी वाचलं तेव्हा अरू माझ्या पोटात होती आणि सासूबाई, म्हणजे आमच्या माई, बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीतली भोकं चुन्यानं बुजवत होत्या. वाचता वाचता मी एकदा पुस्तकाकडे आणि एकदा माईंकडे बघत राहिले.

त्याच्या वर्षभर आधीच मी अप्पांकडे डिंक मागितला होता, पण त्यांनी भिंत फोडू दिली नाही. म्हणाले, "त्यांचं घर हाय ते. नळीच्या कडंकडंनं खरवडून न्या, पण दीड म्हयन्यातनं एकदाच." मग रुद्राणीनं दीड वर्ष ते केलं. भिंतीतलं आणि परड्यातल्या तीन पोकळ झाडांतलं मिळून हॉर्लिक्सची एक बाटली भरली. काळपट, चिकट, ओल्या लाकडासारखा आणि किंचित मधासारखा वास येणारा माल. माझं पीएच.डी.चं सगळं काम त्या बाटलीत होतं.

विद्यापीठात मी हेर्लेकर सरांच्या हाताखाली होते. सर कमी बोलायचे आणि बोलायचे ते आकड्यांत. त्या डिंकाचा आम्ही अर्क काढला. नायट्याची बुरशी काचेच्या बशीत वाढवली, ती पांढऱ्या लोकरीसारखी पसरते. मग अर्कात बुडवलेली कागदाची टिकली तिच्यात ठेवली. पाचव्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल रिकामा होता. लोकर त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबली होती, जशी आपण रांगोळी काढताना समईभोवती जागा सोडतो. अर्कातले घटक वेगळे केल्यावर तिसऱ्या भागात फिकट पिवळे स्फटिक मिळाले. सरांच्या मित्रानं परदेशातून पाठवलेल्या गॅलंजिन नावाच्या द्रव्याशेजारी काचेच्या पट्टीवर त्यांचा ठिपका दिला आणि पट्टीचं टोक द्रवात बुडवलं, तर दोन्ही ठिपके एकाच उंचीवर चढले, म्हणजे बहुधा द्रव्य एकच. हे द्रव्य कुलिंजनाच्या मुळीतही असतं. आमच्या गल्लीतले गवई गाण्याआधी तीच मुळी दाढेत धरून बसायचे. माश्यांनी ते शाहूवाडीच्या कुठल्या झाडावरून आणलं, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांना मात्र ते झाड दरवेळी सापडत होतं.

सर म्हणाले, "बशीतली बुरशी मरणं वेगळं आणि माणसाच्या अंगावरचा नायटा जाणं वेगळं. मी चैत्रात निवृत्त होतोय, बाई. तोपर्यंत माणसाच्या कातडीवरचा पुरावा हातात असेल तर विभाग तुम्हाला दुसरा मार्गदर्शक देईल. नसेल तर हा विषय फायलीत जाईल आणि ती बाटलीही."

चैत्रातच अरू वर्षाची होणार होती. माईंचं आणि माझंही तोपर्यंतचंच ठरलं होतं. दुपारचे चार तास त्या तिला बघायच्या. "वर्साची झाली की ती पळणार," त्या आधीच म्हणाल्या होत्या, "आणि माझे गुडघे काही पळायचे न्हाईत." त्यात टोमणा नव्हता. गुडघे खरंच दुखायचे.

तालमीचं सुचवलं वसंतनं, माझ्या नवऱ्यानं. तो कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात नोकरीला. जेवताना म्हणाला, "नायटा बघायचाय ना? आमच्या जुन्या तालमीत चल. पावसाळ्यापासून निम्मी पोरं खाजवतायत. वस्तादांनी चोवीस जणांना कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरायला बंदी केलीय. एकाचं लागलं की मातीतून सगळ्यांना लागतं."

मी अरूला कडेवर घेऊन गेले. तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, हे मला माहीत होतं, म्हणून पायरीवरच उभी राहिले. आतून तांबड्या मातीचा गार वास येत होता. पिराजी वस्ताद बाहेर आले. साठीचे, कान कुस्त्यांनी चुरगाळून गेलेले, मान खांद्यात बसलेली.

"वसंताची बायको न्हवं? वसंता आमच्यात दोन वर्सं हुता. पडायला लई पटाईत."

मी माझं काम सांगितलं. त्वचेचे डॉक्टर शिरगुप्पे प्रत्येक आठवड्याला येऊन पोरांना तपासतील, मलम मी स्वतःच्या हाताला दोन आठवडे लावून बघितलंय, सहा आठवड्यांनी ज्याचा नायटा गेला नसेल त्याला डॉक्टर नेहमीचं औषध देतील, सगळं सांगितलं. मग मुख्य गोष्टीवर आले.

"चोवीस डब्या आणीन, वस्ताद. बारांमध्ये औषध असेल, बारांमध्ये नुसतं मेण आणि तेल. कुणाच्या डबीत काय आहे ते पोरांना कळणार नाही, डॉक्टरांना नाही, आणि मलाही नाही. त्याचा कागद सरांच्या कपाटात बंद राहील."

वस्ताद माझ्याकडे बघत राहिले. मग अरूकडे.

"पोरगी किती म्हयन्यांची?"

"आठ."

"हिला घरात ठिवून जातीस व्हय कामाला?"

"माई बघतात."

"आणि त्यो माशांचा डिंक किती हाय म्हनलीस?"

मी दोन्ही हातांनी बाटलीची उंची दाखवली.

"बरं," ते म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "बरं बरं. आण तू डब्या. हुतंय समदं. काळजी करू नगं."

मला वाटलं त्यांना पटलं. घरी येईपर्यंत मी आनंदात होते.

दोन्ही मलमांचा रंग सारखा दिसावा म्हणून मी त्यांत तांबडी काव घातली. वास लपावा म्हणून केवड्याचं अत्तर घातलं. त्यावरून पहिल्याच दिवशी तालमीत काय झालं ते वसंतनं येऊन सांगितलं. जोतीराम नावाचा तिथला सगळ्यात जोरदार पैलवान, जोतिबाच्या यात्रेच्या फडावर त्याची कुस्ती ठरलेली. त्यानं मलम लावलं आणि बाहेर आला, तर गुंडू म्हणून एक हडकुळा पैलवान त्याला विचारतो, "कुणाच्या वरातीला निघालास रं? नवरी आधी बघून तरी ये."

सहा आठवडे गेले. अरूला दोन दात आले. संक्रांतीनंतर डॉक्टर शिरगुप्प्यांची वही आणि सरांच्या कपाटातला कागद आम्ही शेजारी शेजारी ठेवले. सर आकडे वाचत गेले, मी मांडत गेले. औषधाच्या बारा जणांत नायटा बराच उतरलेले नऊ. नुसत्या मेणाच्या बारांत, नऊ.

सरांनी पुन्हा एकदा वाचलं. मग चष्मा पुसला.

"थंडीत नायटा आपोआप बसतो," ते म्हणाले. "हवेत ओल नसते. त्यात तुमच्या वस्तादांनी पोरांना रोज आंघोळी घालून लंगोट उन्हात वाळवायला लावले. एवढंच यातून सिद्ध होतं."

मी घरी आले, अरूला पाजलं. ती पिताना माझ्या बांगड्यांशी खेळत होती आणि मला त्या बशीतला स्वच्छ गोल दिसत होता. तो मी डोळ्यांनी पाहिला होता. सहा वेळा पाहिला होता. पण अंगावर तो उमटला नाही, तर नाही.

चार दिवसांनी डब्या परत आल्या. सरांची शिस्त अशी की किती मलम उरलं तेही वजन करून लिहायचं. मी सात नंबरची डबी उघडली. ती नुसत्या मेणाची. तळाला नखभर मलम राहिलं होतं. सहा आठवड्यांत केवडा उडून गेला होता आणि खाली दुसरा वास होता, ओल्या लाकडाचा, किंचित मधाचा.

मी ती डबी बराच वेळ नाकाशी धरून बसले. मग एकेक करून चोवीस डब्या उघडल्या. सगळ्यांतलं उरलंसुरलं मलम स्पिरिटमध्ये ढवळलं, काचेच्या पट्टीवर त्याचे ठिपके ओळीनं दिले. संध्याकाळी पट्टी बघितली. चोवीसच्या चोवीस ठिपके एकाच उंचीवर, आणि सगळे सारखेच फिकट. मूळ औषधाच्या ठिपक्याच्या निम्मे गडद.

दुसऱ्या दिवशी मी तालमीच्या पायरीवर होते.

"वस्ताद, डब्यांचं तुम्ही काय केलं होतंत?"

"कालवलं की," ते सहज म्हणाले. "समद्या डब्या परातीत रित्या केल्या, हातानं मळल्या आणि सारख्या वाटून भरल्या. चुकलं का काय?"

 अरू कडेवरून त्यांच्या कानाकडे हात करत होती.

"हे बघ," ते म्हणाले, "तू शिकल्याली पोरगी, तोंडानं सांगशील कशाला. पण मला कळलं. डिंक इवलासा, पोरं चोवीस. औषध पुरंना, म्हनून तू निम्म्या डब्यांत तेल घातलंस आणि वरनं कुणाला कळनार न्हाय म्हनलीस. त्यात लाजायचं काय हाय? आमच्या घरी पावणं वाढलं की आमीबी रश्श्यात पानी घालतो. पण पानी हंड्यात घालायचं आसतंय, सूनबाय. कुणाच्या वाटीत नुसतं पानी वाढत न्हाईत."

मी पायरीवर बसले. हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि या माणसानं आठ महिन्यांच्या लेकरावर नजर टाकून, माझी अडचण आपल्या परीनं ओळखून, ती चारचौघांत उघडी पडू नये म्हणून गुपचूप परात काढली होती, हे माझ्या मनात हळूहळू उतरत होतं.

"औषध पुरेसं होतं, वस्ताद. मी मुद्दामच तसं केलं होतं."

"मुद्दाम?"

"तुम्ही मातीत काय काय घालता?"

"ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर."

"आणि अंगावर फोड का येत नाहीत?"

"समद्यामुळं."

"एकट्या लिंबानं किती फरक पडतो, हे बघायचं असेल तर?"

"तर एक हौदा बिनलिंबाचा करायचा आणि..." ते बोलता बोलता थांबले. हाताची बोटं दुमडून बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजी तुजी सगळी कुस्ती मी चितपट केली."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत आसतं तरी कालवलं आसतं बघ," ते म्हणाले. "त्या बिनलिंबाच्या हौद्यात उतरवायचं कुणाच्या पोराला? ह्याचं उत्तर दे मला. जोतीरामला देऊ नुसतं तेल? का गुंडूला देऊ? त्याची आई गडहिंग्लजास्नं येऊन त्याला माज्या पायावर घालून गेलीया."

याचं उत्तर पुस्तकांत होतं, पण ते त्या पायरीवर बोलण्यासारखं वाटलं नाही.

सरांना मी खरं काय ते सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "म्हणजे प्रयोग झालाच नाही," एवढंच म्हणाले. "चैत्राला अडीच महिने आहेत."

मलम बंद झालं आणि तीन आठवड्यांत नायटा परत आला. चोवीसांतल्या सोळा जणांना पहिल्याइतकाच. जोतीरामला पुन्हा हौद्याची बंदी झाली आणि यात्रा दोन महिन्यांवर होती.

एका सकाळी वसंत कामावर निघत होता, माई अरूला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होत्या, तेवढ्यात वस्ताद दारात. हातात म्हशीच्या धारोष्ण दुधाची कासंडी.

"पोरीला आणलंय," ते म्हणाले. "आणि सूनबायशी दोन शब्द हायत. पर ते बायामाणसात बोलायजोगं न्हाईत, म्हनून वसंता, तू हितंच उभा ऱ्हा."

वसंत उभा राहिला. वस्ताद खाली बसले, घसा साफ केला, आढ्याकडे बघितलं.

"नायटा उठतोय त्यो... लंगोटाच्या कडंनं उठतोय. आणि लंगोट काय एका बाजूचा नसतोय."

माईंनी पदर तोंडाला लावला.

"तवा मी म्हनतो, पोरं वाटायची कशाला? पोर तसंच ऱ्हाऊ दे, त्याची अंगं वाटू. एकाच पोराच्या डाव्या मांडीला एक डबी, उजव्या मांडीला दुसरी. एकीत औषध, एकीत तेल. कुठल्यात काय, ते तुजा सर कपाटात ठिवंल. कुणाच्या वाटीत नुसतं पानी पडलं आसं हुनार न्हाय. भांडण लागलं तर ज्याच्या त्याच्या मांड्यांचं लागंल."

मी बोटांवर मोजत गेले. माणूस तोच, घाम तोच, लंगोट तोच, आंघोळ आणि ऊनही तेच. थंडी दोन्ही मांड्यांना सारखीच. सरांनी जी जी शंका काढली होती तिला यात जागाच उरत नव्हती. महिनाभर मी पुस्तकं धुंडाळत होते, आणि पुस्तकांत ही रीत असेलही, पण मला ती तिथं दिसली नव्हती. त्यांनी ती एका अडचणीतून काढली होती. कुणालाही उपाशी न ठेवता दोन घास कसे तोलायचे, ही ती अडचण.

"एक अट हाय," वस्ताद उठता उठता म्हणाले. "चार आठवड्यांनी जी बाजू जितंल, तेच औषध लगोलग हरल्याल्या बाजूला. फडावर पैलवानाला दोन्ही मांड्या लागत्यात."

"कबूल," मी म्हणाले. बाटलीत किती डिंक उरलाय ते त्या क्षणी माझ्या मनातही आलं नाही.

सरांना मी कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद आडवा धरला, उभा धरला.

"कुणी सुचवलं हे?"

"पिराजी वस्तादांनी."

"शिक्षण?"

"चौथी. तीही पुरी नाही."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांचं नाव प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात घाला, बाई. आभाराच्या पानावर नको."

माघात पुन्हा सुरुवात झाली. बत्तीस डब्या, प्रत्येक पैलवानाच्या दोन, सुतळीनं एकमेकींना बांधलेल्या, एकीवर डा, एकीवर उ. मी आत जाऊ शकत नव्हते, पण पायरीवरून ऐकू यायचं. पहाटेचा जोर-बैठकांचा घाम पुसून झाला की वस्ताद ओरडायचे, "डावं." मग जरा वेळानं, "उजवं." कवायतीसारखं. मध्ये कुणाचा हात चुकला तर शिवी. डावा हात धुतल्याशिवाय उजव्या डबीला लावायचा नाही हे मी एकदाच सांगितलं होतं. त्यांनी त्यासाठी प्रत्येकाच्या पुढ्यात राखेचा ढीग आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात गुंडू सापडला. त्याची डावी बाजू सुटत चालली होती, उजवी खाजत होती, म्हणून तो चार दिवस डावीतलंच दोन्हीकडे चोपडत होता. वस्तादांनी त्याला बाहेर पायरीवर आणून माझ्यापुढे उभा केला.

"सांग हिला."

गुंडू जमिनीकडे बघत म्हणाला, "वैनी, उजव्या मांडीनं तरी काय घोडं मारलंय?"

त्याचं नाव वहीतून काढावं लागलं. पण औषध कुठल्या डबीत आहे ते सांगणारा तो पहिला साक्षीदार होता, आणि मी त्याच्यावर रागावू शकले नाही.

फाल्गुनात वही आणि कागद पुन्हा शेजारी शेजारी आले. या वेळी सरांनी मला वाचायला लावलं आणि स्वतः लिहायला बसले. पंधरा पैलवान. तेरा जणांची एक मांडी स्वच्छ आणि दुसरी होती तशी. स्वच्छ झालेली मांडी कुणाची डावी, कुणाची उजवी. कपाटातल्या कागदावर त्या तेराही बाजूंना औषध होतं. उरलेल्या दोघांत फरक दिसला नाही. सरांनी बेरीज केली, पुन्हा केली, टाक खाली ठेवला.

"आहे," ते म्हणाले. "पंधरा माणसं म्हणजे काही जग नव्हे. पण आहे."

त्यांच्या तोंडून एवढं कौतुक विभागात कुणी ऐकलेलं नव्हतं. मी त्या पंधरा ओळींकडे बघत होते आणि मला भिंतीतली ती नळी दिसत होती, तिच्या तोंडाशी बसलेल्या चार-पाच माश्या. कुणाच्या कुठल्या झाडाची जखम, कुणी पायांवर वाहून आणलेला चीक, आणि इथं तालमीत तेरा मांड्या.

मग सरांनी बाटली उजेडात धरली. तळाला तीन बोटं डिंक होता.

"याचे स्फटिक करा. शुद्ध. मी जाण्याआधी पुण्याला तपासायला पाठवू. हे गॅलंजिनच आहे यावर शिक्का बसू दे. तुमचा प्रबंध तिथंच निम्मा होईल."

मी मान हलवली. स्फटिक आणि तालमीच्या डब्या, दोन्हींना तेवढा डिंक पुरणार नव्हता. घरी जाताना पाय तालमीकडे वळले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जोतीरामच आमच्या दारात आला. एवढा धिप्पाड माणूस, दाराच्या चौकटीत अंग चोरून उभा.

"वैनी, वस्तादांनी धाडलं न्हाय, माजा मीच आलोय," तो म्हणाला. "ती उजवी कवा सुटायची? यात्रा आली. म्हंजी तुमचं काम आसलं तर ऱ्हाऊ द्या. मी आपलं इचारलं."

"परवा ये," मी म्हणाले.

तो गेल्यावर माई म्हणाल्या, "तीन बोटंच उरलंय न्हवं?"

"हो."

"आणि ते पुण्याचं?"

"पुण्याचं नंतर. माश्या पुन्हा आणतील."

"त्यांना दीड वर्ष लागलं होतं," वसंत आतून म्हणाला.

"मग लागेल."

माईंनी अरूला मांडीवरून खाली ठेवलं आणि तेल तापत ठेवून मेणाची वडी काढून दिली. पंधरा पैलवानांच्या पंधरा मांड्या आणि गुंडूची एक. फरक न पडलेल्या दोघांनाही मी डबी भरली. वाटीत पाणी वाढायचं नव्हतं. काव घातली नाही, केवडा घातला नाही. मलम काळपट झालं आणि घरभर त्या भिंतीचा वास सुटला. अरू रांगत येऊन पातेल्याला हात लावायला बघत होती आणि माई तिला मागे ओढत होत्या.

सरांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी पुण्याला लिहिलेलं पत्र खणात ठेवलं. मग म्हणाले, "शब्द दिला होता का?"

"दिला होता."

"मग प्रश्न नाही. दुसऱ्या मार्गदर्शकाला मी तसं लिहून ठेवतो. नमुना पुढच्या वर्षी."

तालमीच्या पायरीवर वस्तादांनी सोळा डब्या एकेक करून उघडल्या, प्रत्येकीचा वास घेतला.

"ह्यात समद्यांत हाय न्हवं?"

"सगळ्यांत."

"सारखं?"

"सारखं."

"मग परात नगं," ते म्हणाले, आणि आत हाक मारली, "हारल्याली बाजू घिऊन या रं सगळी."

जोतीराम यात्रेच्या फडावर उतरला. ती कुस्ती त्यानं जिंकली नाही. अर्धा तास झुंजून बरोबरीत सुटली. वसंत बघायला गेला होता. म्हणाला, दोन्ही मांड्यांनी लढला.

अरूच्या वाढदिवसाला मी हॉर्लिक्सची बाटली स्पिरिटनं धुतली. धुवणही पिवळं निघालं, तेही जपून ठेवलं. रिकामी बाटली एस.टी.नं मलकापूरला रुद्राणीकडे पाठवली. आठ दिवसांनी तिचं कार्ड आलं. अप्पा म्हणतात, नळी पेरभर वाढली आहे, पण अजून खरवडायची नाही.

मी ते कार्ड माईंना वाचून दाखवलं. अरू पहिल्यांदाच चार पावलं टाकून त्यांच्या गुडघ्यांवर जाऊन आदळली होती आणि त्या गुडघे चोळत बसल्या होत्या.

"म्हंजी अजून दीड वर्ष," त्या म्हणाल्या. मग अरूला वर उचलून घेत विचारलं, "त्या डिंकात गुडघ्याचं काही निघतंय का, ते बघ की जरा."